आंबील कुठं संपते आणि बिअर कुठं सुरू होते?

मंडळी, आजच्या विषयाचं नाव वाचून दोन प्रकारची माणसं आली असावीत. काहींना वाटलं असेल की घरच्या घरी बिअर कशी करायची ते आज कळेल. काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसांनी आता हे काय काढलं! पहिल्यांना आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं तो गुन्हा ठरवला आणि आजही तो गुन्हाच आहे. तेव्हा वही-पेन खाली ठेवलं तरी चालेल. दुसऱ्यांना एवढंच सांगतो की हा विषय तत्त्वज्ञानाच्या घरचाच आहे. कसा, ते पुढं येईलच.

मग हा विषय भोरला का बोलायचा? कारण असं. पुण्यात २००९ साली डूलाली नावाची जागा सुरू झाली. तिथल्या तिथं हंड्यात बिअर आंबवून, ताजी ताजी पेल्यात द्यायची. त्यानंतरच्या वर्षांत पुण्यात अशा जागा वाढल्या, बाटलीत आणि डब्यात मिळणारी छोट्या कारखान्यांची बिअरही आली. तिला क्राफ्ट बिअर म्हणतात, म्हणजे थोडी थोडी, लक्ष घालून केलेली. ग्रेट स्टेट एलवर्क्स नावाची पुण्याचीच कंपनी कोकम आणि मीठ घालून आंबट बिअर करते. मूनशाइन मीडरी मधापासून मद्य करते. म्हणजे शहरातली ही मंडळी आता आपल्याकडच्या रानाकडं, परसाकडं बघायला लागली आहेत. आणि ते रान कुठलं? हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं. वरंध घाट उतरलं की कोकम. तोरण्याच्या पायथ्याशी करवंद. ज्या वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं, तिथल्या आजीला धायटी कधी फुलते हे ठाऊक आहे, पण तिनं त्याचं काही आंबवलं तर तो गुन्हा. पुण्यात ज्याला परवाना आहे, त्याला धायटी दाखवली तर ओळखता येईलच असं नाही. ज्याला झाड माहीत त्याला करता येत नाही, आणि ज्याला करता येतं त्याला झाड माहीत नाही. आमच्या बोलण्याचा विषय हा आहे.

आधी आंबणं म्हणजे काय ते बघू. आपल्या नदीचं नाव नीरा. त्याच नावाचं एक पेय आहे, ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाला मडकं लावून पहाटे काढलेलं. पहाटे ते गोड असतं. सरकारमान्य केंद्रांवर मिळतं, महात्मा गांधींनी त्याचा पुरस्कार केला होता, लहान मुलांना पाजतात. ते बर्फात ठेवलं नाही तर ऊन चढेल तसं फसफसतं आणि दुपारपर्यंत त्याची ताडी होते. मडकं तेच, रस तोच, कुणी त्यात काही घातलं नाही. मग नीरा कुठल्या मिनिटाला ताडी झाली? आठ वाजता? साडेआठला? ग्रीक लोकांत युबुलिडीस नावाचा एक तर्कपंडित होऊन गेला, त्याच्या नावावर ढिगाचं कोडं सांगतात. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. मग शेवटचा दाणा उरेपर्यंत ढीगच म्हणायचं का? वर्गात हे कोडं घातलं की मुलं कंटाळायची. नीरेचं उदाहरण दिलं की जागी व्हायची!

आपल्याकडं तर चार्वाकांनी सगळ्यात मोठा युक्तिवाद यावरच उभा केला. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात तो दिलेला आहे. चार्वाक म्हणतो, आत्मा नावाचं वेगळं काही नाही. पृथ्वी, पाणी, तेज, वायू यांच्यात सुटं सुटं चैतन्य नसतं, पण ती शरीरात एकत्र आली की चैतन्य उपजतं. दाखला काय दिला? किण्वाचा. तांदळात नशा नाही, पाण्यात नाही, पण किण्व घालून ठेवलं की मद येतो. आज शाळेच्या पुस्तकात किण्वन हा शब्द असतो, तो इथून आलेला आहे. चार्वाकाच्या विरोधकांनी त्याला बरंच झोडपलं, पण एक गोष्ट कुणी विचारली नाही की बाबा, त्या किण्वात आहे तरी काय? त्याचं उत्तर यायला लुई पाश्चर यावे लागले. त्यांनी १८७६ साली बिअरवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. किण्वात जिवंत पेशी असतात. त्या साखर खातात आणि मद्यार्क नि कार्बन डायऑक्साइड सोडतात. फसफस ती त्या वायूची. म्हणजे चार्वाकानं निर्जीवातून जीव कसा येतो हे दाखवायला जे उदाहरण निवडलं, त्यात जीव आधीच बसलेला होता. आम्हांला यात फार गंमत वाटते.

आता किण्व म्हणजे काय होतं? कौटिल्यानं अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचा स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. तिथं किण्वाचे घटक आहेत: उडीद, तांदूळ आणि मोरटासारख्या काही वनस्पती. उडीद आणि तांदूळ! आपली इडली आठवली ना? तिथंच मेदक नावाच्या मद्याचं माप आहे. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. एका द्रोणाचे सोळा प्रस्थ धरले तर सोळा भाग पाण्याला दोन भाग तांदूळ आणि तीन भाग किण्व. सरळ सरळ तांदळाची बिअर आहे ही. आता द्रोण म्हटल्यावर तुम्हांला रस्त्याकडेला करवंदं विकणाऱ्या बाया आठवल्या असतील, पण तो द्रोण वेगळा, पानाचा.

इथं एक अडचण आहे. फळ, मध, गूळ, नीरा यांच्यात साखर तयार असते. धान्यात पिष्ट असतं, आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही. आधी पिष्टाची साखर करावी लागते. जगभर माणसांनी याच्या तीन युक्त्या काढल्या. एक, धान्य तोंडात चावून थुंकायचं, कारण लाळेत तो पाचक रस असतो. दक्षिण अमेरिकेत मक्याचं पेय असं करत. दोन, धान्यावर बुरशी वाढवायची, जपानी लोक साकेसाठी करतात तशी. आणि तीन, धान्याला मोड आणायचे. युरोपात जवाला मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात, आणि बिअर म्हणजे मुख्यतः त्या माल्टचं काम.

या तिसऱ्या युक्तीसाठी आपल्याला परदेशात जायला नको. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर नाचणी होते, आणि घरोघरी बाळासाठी नाचणीचं सत्त्व करायची पद्धत आहे. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधायची, दोनेक दिवसांत मोड आले की वाळवून दळायची. हे माल्टच आहे. नाचणीच्या मोडात पिष्ट मोडणारा रस चांगला असतो. याची परीक्षा स्वयंपाकघरात करता येते आणि त्यात कायद्याची काही आडकाठी नाही. साध्या नाचणीच्या पिठाची घट्ट पेज शिजवा. ती निवू द्या, पण अगदी कोमट नको, बोट बुडवलं तर धरवणार नाही इतकी गरम असू दे. पासष्ट अंशांच्या आसपास. आता त्यात चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळा आणि झाकून ठेवा. अर्ध्या तासात चमचा उभा राहील अशी पेज पातळ होते आणि साखर न घालता गोड लागते. बिअरच्या कारखान्यात पहिल्या तासात जे होतं ते हेच. हिमालयात याच नाचणीची छांग होते, लोक लाकडी भांड्यात गरम पाणी ओतून नळीनं पितात. आपण त्याच धान्याची आंबील करतो. फरक फक्त पुढं कोणता जीव कामाला लावायचा याचा. ताक घातलं की ताकातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात, पेय आंबट होतं, मद्यार्क नाममात्र. यीस्ट पुढं गेलं की मद्यार्क.

बरं, बिअरमध्ये माल्टशिवाय हॉप्स असतात. वेलीची फुलं, कडू आणि सुगंधी, शिवाय बिअर टिकवणारी. भारतात हिमाचलातल्या लाहौलमध्ये ही वेल लावलेली आहे, आपल्याकडच्या हवेत तिचं काही खरं नाही. पण हॉप्स म्हणजेच बिअर असं नेहमी नव्हतं. हॉप्स सर्रास व्हायच्या आधी युरोपात गावोगाव रानातल्या पाल्याचं मिश्रण घालत, त्याला ग्रूट म्हणत. जिथं जे उगवेल ते. बव्हेरियात १५१६ साली हुकूम निघाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही नको. यीस्टचं नावसुद्धा त्यात नाही, कारण ते तेव्हा माहीतच नव्हतं. हा हुकूम शुद्धतेचा म्हणून आजही मिरवतात. आमच्या मते त्या शुद्धतेत पुष्कळ रानं हरवली. नॉर्वेतल्या खेड्यांनी मात्र ऐकलं नाही. तिथले शेतकरी अजून जुनिपरच्या फांद्या उकळून ते पाणी बिअरला वापरतात, आणि घरचं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या जपतात. शेजाऱ्याचं संपलं तर मागून नेतात. आपल्या विरजणासारखं! क्वाइक म्हणतात त्याला, आणि ते पस्तीस-चाळीस अंशांतही काम करतं, म्हणजे आपल्या वैशाखात.

आपल्याकडं कडूपणासाठी काय आहे? कुडा आहे, गुळवेल आहे, काडेचिराईत आहे. हे औषधी कडू आहेत, चिमटीनं वापरायचे, पेल्यानं नाही. सुगंधाला गवती चहा. परसदारी न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं ते ठोंब हॉप्सच्या लिंबासारख्या वासाशी चांगलं नातं सांगतं. आंबटपणाला करवंद, आवळा, घाटाखालचं कोकम. तुरटपणाला जांभूळ, आणि त्याचा रंग तर काय सांगावा. आंबेमोहोर तांदळाचा वास. कारवीचा मध, पण कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, तेव्हा त्या मधासाठी थांबायची तयारी हवी. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते इथून डोंगरापलीकडंच आहे.

पण आमचा जीव धायटीवर आहे. थंडी सरायच्या सुमाराला या डोंगरांवर बोटभर लालभडक नळ्यांची झुडपं दिसतात, ती धायटी. पोरं फुलातला मध चोखतात, शिंजीर त्यात चोच घालतात. आयुर्वेदात हिला धातकी म्हणतात, आणि आसव-अरिष्टांच्या कृतींत ती जागोजाग येते. का? कारण फुलातल्या मधावर यीस्ट राहतं. वैद्यांना यीस्ट माहीत नव्हतं, पण धायटी घातली की काढा आंबतो हे माहीत होतं. शिवाय तिच्यात तुरट द्रव्य भरपूर, ते चवीला बांधून ठेवतं. म्हणजे या एका फुलात किण्व आणि हॉप्स दोन्हींचं थोडं थोडं काम आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांच्या चौऱ्याऐंशी योनी मोजल्या आहेत: धान्यांची सहा, फळांची सव्वीस, मुळांची अकरा, झाडाच्या गाभ्याची वीस, फुलांची दहा, खोडांची चार, पानांची दोन, सालींची चार आणि साखरेचं एक. बेरीज करून बघा, बरोबर चौऱ्याऐंशी येते. ज्या समाजानं ही यादी केली, त्याच्या वंशजांना आज बिअर म्हटलं की पिवळी, गार, सगळीकडं सारख्या चवीची बाटली एवढंच आठवतं.

चवीबद्दल दोन शब्द बोलतो, कारण आस्वाद हा शब्द आमच्या विषयाचा. उन्हाळ्यात आपण पन्हं पितो. हा शब्द पानक या संस्कृत शब्दावरून आला. अभिनवगुप्तानं काव्यातला रस समजावताना या पानकाचाच दाखला घेतला. गूळ, मिरी, आंबट फळ यांची प्रत्येकाची चव वेगळी, पण एकत्र आल्यावर जी चव होते ती त्यातल्या कुठल्याच एकाची नसते. चांगल्या क्राफ्ट बिअरची परीक्षा हीच. कोकम घातलंय हे पहिल्या घोटाला ओरडून सांगणारी बिअर आम्हांला कच्ची वाटते. पानकात गूळ वेगळा लागायला लागला तर ते पानक बिघडलं.

उलट बाजू ह्यूमनं सांगितली. १७५७ साली त्यानं अभिरुचीवर निबंध लिहिला, त्यात डॉन किहोतेमधली गोष्ट घेतली. दोघा भाऊबंदांना पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला चांगली आहे, पण किंचित चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, लोखंडाचा. लोक हसले. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली जुनी किल्ली निघाली. म्हणजे रसिकाला एकत्र चवही लागली पाहिजे आणि तिच्यातली किल्लीही सापडली पाहिजे. हे पेलाभर प्यायला की जमतं. चार पेल्यांनंतर ह्यूमलाही जमलं नसतं. म्हणून हे पेय घोटाघोटानं घ्यायचं, फार गार नको, कारण गारव्यात वास मरतो. ज्यांना घ्यायचं नाही त्यांनी हीच परीक्षा पन्ह्यावर, सोलकढीवर, आंबिलीवर करावी. जीभ तीच आहे.

आता कायद्याकडं येतो. कौटिल्यानं मद्यावर कडक नियंत्रण ठेवलं होतं, पण त्यानं एक फट ठेवली. कुटुंबवत्सल माणसांना कार्यप्रसंगी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करायला मुभा होती, आणि उत्सव-यात्रांत चार दिवस मोकळीक. म्हणजे विकणं राज्याचं, पण लग्नाकार्यापुरतं करणं घराचं. ही फट इंग्रजांनी बुजवली. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला, नंतर १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच कायदा केला. फुलं गोळा करून बाळगण्यावर निर्बंध! हेतू महसुलाचा होता. भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं, पुढच्याच वर्षी दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० पासून राज्यभर दारूबंदी. हा हेतू वेगळा, सुधारणेचा. पण दार तेच बंद झालं. १९५१ साली बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायद्याचा मोठा भाग उचलून धरला, मात्र मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांना लागू होणारी काही कलमं रद्द केली. पुढं बंदी सैल झाली, परवाने आले. घरी करायची मुभा मात्र परत आली नाही.

या कायद्यातली मद्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. ज्यात मद्यार्क आहे असा कुठलाही द्रव. अक्षरशः धरलं तर रात्रभर आंबवलेली आंबीलसुद्धा धोक्यात, कारण थेंबभर मद्यार्क तिच्यातही असणारच. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी थोडी शहाणी रेघ मारली. अर्ध्या टक्क्याच्या वर मद्यार्क असेल तरच मद्यपेय. आणि तिसरीकडं औषधाच्या दुकानात दशमूलारिष्ट मिळतं, बाटलीवर लिहिलेलं असतं, स्वयंनिर्मित मद्यार्क पाच ते दहा टक्के. साध्या बिअरमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास असतो. अरिष्ट आपण चमचा-दोन चमचे घेतो हे खरं, पण ढिगाच्या कोड्यात आपण कुठं उभे आहोत बघा. पहाटेची नीरा पौष्टिक, दुपारची ताडी परवान्याची, दशमूलारिष्ट औषध, कोकमची बिअर चारशे रुपयांना, आणि आजीनं धायटी घालून आंबवलेलं करवंद म्हणजे हातभट्टी. पोलिसांच्या बातमीत वाचता ना, इतके लिटर रसायन नष्ट केलं. रसायन! चरकानं हा शब्द म्हातारपण लांबवणाऱ्या औषधासाठी वापरला होता.

इथं एक फरक नीट समजून घ्या, कारण यात जीव जातात. आंबवणं आणि गाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंबवलेल्या पेयात यीस्ट स्वतःच एका मर्यादेला थांबतं. गाळणं म्हणजे ते उकळून वाफ धरणं, मद्यार्क कितीतरी पट वाढवणं. हातभट्टी ही गाळलेली असते, काळा गूळ आणि नवसागर घालून. आणि २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती कुणी फळं आंबवली म्हणून नव्हे, दारूत मिथेनॉल होतं म्हणून. फळ आंबताना पेक्टिनपासून मिथेनॉलचा अंश तयार होतो, पण तो माणसं मारण्याइतका नसतो. कारखान्यातलं मिथेनॉल पिंपानं आणून मिसळतात तेव्हा मढी पडतात. कायदा या दोघांना एकाच कलमात बसवतो. आमचा आक्षेप तिथं आहे.

ब्रिटननं १९६३ साली घरगुती बिअरचा परवाना रद्द केला, घरच्यापुरती करा, विकू नका. अमेरिकेनं १९७८ साली तसा कायदा केला. अमेरिकेत आज ज्या शेकडो चवींच्या बिअर आहेत, त्यांच्या पुष्कळशा कर्त्यांनी सुरुवात स्वयंपाकघरात केलेली आहे. शेजारच्या गोव्यात काजूची फेणी गाळणारी घरं परवाना घेऊन ते काम करतात, आणि २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती तर गाळलेली. आमचं म्हणणं त्याहून लहान आहे. न गाळलेलं, घरच्यापुरतं, मोजक्या लिटरचं, सज्ञान माणसानं केलेलं पेय गुन्ह्याच्या कलमातून काढावं. आणि विकायचंच असेल तर छोटा परवाना गावातल्या बचत गटाला परवडेल असा असावा.

हे बोललं की समोरून एक प्रश्न येतो आणि तो योग्य आहे. मागं एका गावात हेच मांडलं, तेव्हा एक बाई उठून म्हणाल्या, गुरुजी, तुम्ही एक पेला चाखता, आमचा नवरा पगार चाखतो. त्यावर आमच्याकडं अभिनवगुप्त नव्हता. आडव्या बाटलीला मत देऊन बायांनी महाराष्ट्रात कितीतरी दुकानं बंद पाडली आहेत, ती लढाई खरी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, आणि दोन्हींवर अजून भांडण चालू आहे. तेव्हा आम्ही एवढंच जोडतो की घरगुती मुभेचा निर्णय मुंबईत होण्याआधी महिलांच्या ग्रामसभेत व्हावा. त्या नाही म्हणाल्या तर त्या गावापुरतं नाही. मात्र त्यांच्यापुढं प्रश्न नीट मांडावा, की बाटली आणि भट्टी एकीकडं, आणि तुमच्या आजीची आंबवायची विद्या दुसरीकडं. त्या विद्येची मालकीण तीच आहे. सत्त्व तिनंच केलं, विरजण तिनंच जपलं, कुठलं फूल कधी येतं हे तिलाच ठाऊक. ती सत्तरी-ऐंशीची आहे, पोरं पुण्यात आहेत, आणि आम्ही तिच्याच वयाचे असल्यामुळं आम्हांला घाई वाटते.

आता शेवटी चिठ्ठ्या आल्यात त्यातल्या दोन घेतो. एकांनी विचारलंय, मग आज आम्ही काय करू शकतो? पुष्कळ. मोडाच्या नाचणीची पातळ पेज मघाशी सांगितली, ती पूर्ण निवली की ताक घाला, गवती चह्याचं एक पातं ठेचून टाका, रात्रभर ठेवा, सकाळी मीठ-जिरं घालून प्या. आंबट, किंचित गोड, धान्याचा वास असलेलं हे पेय ज्याला बिअरची चव कळते त्याला लगेच ओळखीचं वाटेल. धायटीची मूठभर फुलं, झुडूप ओरबाडून नव्हे, एकेका फांदीची दोन-चार, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गाळून गूळ आणि लिंबू घाला. उकळत्या पाण्यानं यीस्ट मरतं, म्हणून हे सरबतच राहतं, पण त्याच दिवशी संपवा. अनोळखी फूल मात्र घालू नका, रानात कण्हेर आणि धोतराही असतात. आणि वनखात्याच्या हद्दीत असाल तर आधी विचारा.

दुसरी चिठ्ठी, करवंदाचं सरबत बाटलीत भरून ठेवलं होतं आणि ते फुटलं, असं का? कारण तुमच्या करवंदाच्या सालीवर यीस्ट होतं, बाटलीत साखर होती, झाकण घट्ट होतं, आणि चैत्र होता. वायूला जागा मिळाली नाही. पुढच्या वेळी फळं आधी उकळून घ्या, काचेऐवजी प्लास्टिकची बाटली वापरा आणि ती फ्रिजमध्ये ठेवा. दाबून बघितली आणि दगडासारखी कडक लागली तर मोरीत नेऊन हळूच झाकण सैल करा, तोंड दुसरीकडं करून.